मदत हवी आहे: वाचनालयाच्या नव्या इमारतीबद्दल गावाला बोलतं कसं करायचं?

कार्यवाह_ब_वर्ग
आमच्या वाचनालयाची नवी इमारत होते आहे. आत काय कुठे हे गावाला विचारून ठरवायचं, असं कार्यकारिणीत ठरलं. सभा लावली, फळ्यावर लिहिलं, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. 11 जण आले. सगळे साठीपुढचे, रोज पेपर वाचायला येणारे. पंखे वाढवा म्हणाले. बायका नाहीत, मुलं नाहीत, वरच्या वस्तीतलं तर कोणीच नाही. रविवारी परत सभा आहे, तेच होणार. कोणी हे केलं असेल तर नेमकं सांगा. घाई आहे.

सिव्हिलवाला
जागा किती? एकमजली की दुमजली? काम कुठवर आलंय? हे न सांगता काय सांगणार? एक मात्र आत्ताच सांगतो, पुस्तकांची कपाटं कुठे हे मतदानाने ठरवू नका. राहत्या खोलीला चौरस मीटरला 200 किलो भार धरतात, ग्रंथालयात कपाटांच्या खोलीला किमान 600. वरच्या मजल्यावर नेणार असाल तर आधी स्ट्रक्चरलवाल्याकडे जा.

पहाटे_पाच
तरुण येत नाहीत कारण अभ्यासिका नाही. मी तालुक्याला रोज 14 किमी जाऊन एमपीएससीचा अभ्यास केला. सगळा हॉल अभ्यासिकेला द्या, 24 तास उघडा ठेवा. सभेची गरजच नाही.

ओसरी
सगळा हॉल? म्हणजे आधी पेपरवाले आजोबा होते, आता परीक्षावाली मुलं. बायकांनी परत बाहेरच थांबायचं.
कार्यवाह, तुमच्या दारातून आत गेल्यावर पहिलं काय लागतं? आमच्याकडे पेपरचं टेबल होतं. आठ-दहा पुरुष बसलेले, आत जाणाऱ्या प्रत्येकीकडे मान वर करून बघायचे. मी सातवीत असताना जाणं सोडलं ते त्या टेबलामुळे. कोणी त्रास दिला नाही, तरी सोडलं. हे मी सभेत उभी राहून बोलले असते का? नसते. बचत गटाच्या बैठकीत जा, तुम्ही नका जाऊ, तुमच्या ग्रंथपाल बाई असतील तर त्यांना पाठवा.

डेटाबेस
पुस्तकांची नोंद कशात ठेवता? ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर घ्या, केंद्र सरकारच्या एनआयसीचं आहे. आधी ते बसवा.

उत्तरेकडे
हेलसिंकीत राहतो. इथलं ओडी ग्रंथालय डिसेंबर 2018 मध्ये उघडलं. नावसुद्धा लोकांनी सुचवलेल्यांतून निवडलं. आत शिवणयंत्रं आहेत, कोणीही जाऊन शिवावं. लोकांना मोकळेपणाने विचारलं की अशा गोष्टी निघतात.

सिव्हिलवाला
त्यांची महापालिका आणि आपलं देणगीवर चालणारं वाचनालय! एवढं लांब कशाला? भिलारला 2017 मध्ये पुस्तकांचं गाव झालं तेव्हा पुस्तकं लोकांच्या घरांतच ठेवली. गाव आपोआप सामील झालं.

ओसरी
भिलारला पर्यटक येतात. यांना वरच्या वस्तीतली मुलं आणायची आहेत. प्रश्न वाचा ना.

कार्यवाह_ब_वर्ग
सॉफ्टवेअर नको आहे. ग्रामपंचायतीचं गाव, एकच मजला, 1400 चौरस फूट. स्लॅब पडलाय, आतल्या भिंती आणि फरशी बाकी. पैसे देणगीचे. आणि हो, दारातच पेपरचं टेबल. जुन्या इमारतीतही तसंच, नव्या नकाशातही तसंच काढलंय. माझ्या कधी लक्षात आलं नाही.

निवृत्त_गुरुजी
मग सभेत कागदाचा नकाशा दाखवू नका, तो कोणालाच कळत नाही. हॉल रिकामा आहे ना? जमिनीवर फक्कीने खऱ्या मापात आखा: इथे कपाट, इथे मुलांची सतरंजी, इथे टेबल. लोकांना त्यात चालू द्या. शाळेची खोली वाढवताना आम्ही असंच केलं. चौथीतल्या मुलांनी दाखवलं की कपाटाचा वरचा खण त्यांच्या हाताला लागत नाही. रेघ पुसून परत मारायला पैसे लागत नाहीत, म्हणून लोक बोलतात. आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते, तिथेही विषय घ्या.

पहाटे_पाच
पण रात्री अभ्यासाला जागा हवीच. मागचं दार वेगळं ठेवता येईल का? म्हणजे बाकी हॉल बंद करता येईल.

ओसरी
हे चालेल. मागच्या दाराशी दिवा आणि स्वच्छतागृह असेल तर मुलीही येतील.

कार्यवाह_ब_वर्ग
शनिवारी फक्की मारतो. ग्रंथपाल ताई गुरुवारी बचत गटात जातील, वरच्या वस्तीत शाळा सुटताना मी जातो. टेबल खिडकीकडे, आतल्या बाजूला सरकवून बघतो. 11 जणांतले एक आजोबा वॉकरने येतात, त्यांचं काय करू? जोतं अडीच फूट आहे.

सिव्हिलवाला
उतार करा, 1:12, एक फूट चढायला बारा फूट. म्हणजे 30 फूट लांबी.

कार्यवाह_ब_वर्ग
समोर 18 फूटच आहे.

सिव्हिलवाला
मध्ये सपाट टप्पा देऊन बाजूने वळवा. कुंपण कुठल्या बाजूला आहे ते सांगा.