एनुगूच्या आधी इबादान

नायजेरियातल्या हृदयोपचारांचा विषय निघाला की एनुगू शहरातल्या १९७४ च्या ओपन हार्ट शस्त्रक्रियेची आठवण निघते. पण नायजेरियात हृदय निकामी होण्याचं फार मोठं कारण उच्च रक्तदाब आहे, म्हणून तिथल्याच इबादान शहरातले डॉ. ओलाडिपो अकिनकुग्बे (१९३३–२०२०) या विषयात यायलाच हवेत. ऑक्सफर्डला रक्तदाबावर डॉक्टरेट करून ते परतले आणि १९६८ मध्ये प्राध्यापक झाले. पुढे इलोरिन व झारियाच्या विद्यापीठांचं कुलगुरुपद, शिवाय इबादानच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या संचालक मंडळाचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं.

असंसर्गजन्य रोगांवरच्या त्यांच्या राष्ट्रीय समितीचा १९९७ चा अहवाल वाचताना एक काळजी घ्या. त्यातलं उच्च रक्तदाबाचं ११.२ टक्के हे प्रमाण १६०/९५ च्या मर्यादेवर काढलेलं आहे. आज मर्यादा १४०/९० धरतात. दोन्ही आकडे एकाच आलेखात टाकले की रोग अचानक उसळल्यासारखा दिसतो, आणि ही गफलत सर्रास होते.

औषधांबाबतही अशीच काळजी हवी. तिथल्या बऱ्याच रुग्णांत रेनिन (रक्तदाब वाढवणारी साखळी सुरू करणारं, मूत्रपिंडातून येणारं द्रव्य) कमी असतं आणि शरीर मीठ धरून ठेवतं. त्यामुळे याच साखळीला अडवणारी पेरिंडोप्रिलसारखी गोळी एकटी कमी पडते. आफ्रिकेतल्या ६ देशांतल्या ७२८ रुग्णांवरच्या क्रिओल चाचणीत (२०१९) अॅम्लोडिपिनसोबत (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) थायझाइड (लघवीवाटे मीठ काढणारं औषध) किंवा पेरिंडोप्रिल देणं हे अॅम्लोडिपिन वगळलेल्या जोडीपेक्षा सरस ठरलं.

आणि रक्तदाब मोजताना यंत्राचा पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा खोटा चढतो. आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराचा सुमारे ८० टक्के भाग वेढणारी हवी.