बालवाडीत मूल धापा टाकायला लागलं तर पंप नेमका कसा द्यायचा?

बालवाडी_ताई
आमच्याकडे ३ ते ५ वयाची मुलं आहेत. यंदा दम्याच्या दोघांच्या दप्तरात निळा पंप (दम लागल्यावर लगेच आराम देणारा, सहसा साल्ब्युटामॉलचा) आणि मास्कवाला स्पेसर (पंप आणि मास्कच्या मध्ये बसणारी प्लास्टिकची पोकळ नळी) असतो. पालकांनी "दम लागला तर दोन पफ द्या" एवढंच सांगितलंय. एक जण मास्क लावूच देत नाही, रडतो. रडताना दिलं तर चालतं का? आणि दवाखाना कधी गाठायचा?

बालदमा_नर्स
रडताना मूल लांब श्वास सोडतं आणि घाईने हुंदका आत घेतं, शिवाय मास्क सरकतो. औषध गालावर आणि घशात राहतं, छातीत फार थोडं उतरतं. म्हणून दम नसलेल्या दिवशी मास्क खेळायला द्या, बाहुलीला लावू द्या. झटका आलाच असेल तर मात्र रडू थांबायची वाट पाहू नका, द्या.

मुलाला मांडीवर ताठ बसवा, आडवं करू नका. पंप नीट हलवून स्पेसरला जोडा. मास्क नाक आणि तोंड दोन्हींवर घट्ट टेकवा, बाजूने फट नको. एकदाच दाबा आणि ५-६ श्वास मोजा. स्पेसरची झडप हलताना दिसली की श्वास जातोय. दुसऱ्या पफआधी पंप पुन्हा हलवा. दोन पफ लागोपाठ आत सोडले तर औषधाचे कण एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात. बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते.

मात्रा प्रत्येक मुलाच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या. पाच वर्षांखालच्या मुलांना साधारणपणे निळ्या पंपाचे प्रत्येकी १०० मायक्रोग्रॅमचे २ पफ देतात, उतार नसेल तर २० मिनिटांनी पुन्हा. दोन तासांत ६ पफ देऊनही दम राहिला तर डॉक्टरकडे न्यायलाच हवं.

बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, नाकपुड्या फुलताहेत, एक वाक्य सलग बोलवत नाही, ओठ निळसर दिसतात किंवा मूल सुस्त पडलंय, यातलं एकही दिसलं तर २० मिनिटं मोजत बसू नका. लगेच १०८ लावा. रुग्णवाहिका येईपर्यंत किती पफ द्यायचे, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. घरघर अचानक थांबली पण मूल थकलेलं दिसतंय, तर ते बरं वाटण्याचं लक्षण नाही. हवाच आत जात नसते.

औषध_दुकान
स्पेसरबद्दल. तो फडक्याने पुसू नका. पुसलं की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून बुडवा, न घासता काढा, आपोआप वाळू द्या. मास्क मात्र साध्या पाण्याने खळबळून घ्या. कोरा स्पेसरही वापरण्याआधी असाच धुवा.

पंप संपलाय का हे पाण्यात तरंगवून कळत नाही. काउंटर नसेल तर पफ लिहून मोजा, डब्यावर २०० लिहिलं असेल तर २०० नंतरही फुसफुस येते, पण औषधाचा नेम नसतो. बरेच दिवस न वापरलेला पंप आधी हवेत दोनदा दाबून बघा.

अंगणवाडी_पर्यवेक्षक
पंप कुलपात ठेवू नका. किल्ली असलेल्या ताई रजेवर असतात! मोठ्यांच्या हाताला येईल, मुलांच्या नाही, अशा फळीवर, उन्हापासून लांब. दोघींना तरी देता यायला हवा. वहीत तारीख, वेळ, किती पफ, कशामुळे, एवढं लिहा आणि निघताना पालकांना दाखवा. निळा पंप आठवड्यातून एकदापेक्षा जास्त लागत असेल तर रोजच्या औषधाचा विचार व्हायला हवा, हे डॉक्टरांना त्या वहीवरूनच कळतं.

वर्ग मुलं येण्याआधी झाडा, आणि तोही ओल्या फडक्याने. अगरबत्ती, डासांची कॉईल, उग्र वासाचं फिनेल बंद. पावसाळ्यात भिंतीला ओल आली तर तिथलं मऊ खेळण्यांचं टोपलं हलवा.

बालवाडी_ताई
आणि घरून येणारा दुसरा, रोजचा पंप? तोही इथे द्यायचा का?

बालदमा_नर्स
नाही. रोजचा पंप सहसा घरी सकाळ-संध्याकाळ देतात. त्यात स्टिरॉइड असतं, म्हणून नंतर चूळ भरवायची आणि मास्कखालचा चेहरा पुसायचा. झटक्यात तो लगेच आराम देत नाही, त्यामुळे दोन्ही डब्यांवर मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या लावा. रंगावर जाऊ नका, कंपनीगणिक बदलतो.