अमळनेरहून जळगाव: फुले मार्केटला गाडी न्यावी की नको?

बोरीकाठचा: रविवारी जळगावला जायचंय. भाचीच्या लग्नाचा बस्ता फुले मार्केटला, पोरांना मोबाइलचं काहीबाही गोलाणी मार्केटमधून, आणि संध्याकाळी मेहरूण तलाव. आम्ही पाच जण: आई (वय 76, गुडघे दुखतात), बायको, 8 आणि 11 वर्षांची मुलं. गाडी आहे. न्यावी का?

टॉवरचौकी: गाडी लई जाशात, पन लावशात कोठे? फुले मार्केटच्या आजूबाजूला मोटारसायकल लावायची मारामार. मी गावातच राहतो, तरी बस्त्याला पायी जातो.

चोपडेकर_भाऊ: धरणगाव, पाळधी, बांभोरीचा गिरणा पूल, खोटेनगर, आकाशवाणी चौक. पाळधीला बायपास धरू नका, तो शहराला वळसा घालून तरसोदकडे निघतो. पुलावर ट्रकांची रांग असली की अर्धा तास गेलाच समजा. आम्ही गाडी मेव्हण्याच्या दारात लावतो नि रिक्षाने बाजारात जातो. मेव्हणा नसेल तर अवघड आहे!

धरणगावची_सून: दादा, एसटीचा हिशेब मांडून बघा. 75 च्या पुढच्यांना प्रवास मोफत, म्हणजे आई फुकट (आधार कार्ड विसरू नका). मार्च 2023 पासून बायकांना निम्मं तिकीट. 5 ते 12 ची पोरंही निम्म्यात. पूर्ण तिकीट एकट्या तुमचंच. फक्त लग्नसराईत जागा मिळेल याची खात्री नाही, आणि आईंना उभं राहायला लावू नका.

रूळवेडा: रेल्वेचं कोणीच बोललं नाही? सुरत-भुसावळ मार्ग आपल्या दारातून जातो. जळगाव स्टेशनला उतरलं की नेहरू चौक, टॉवर चौक, पुढे मार्केट. चालत जाण्याजोगं आहे, आईंना रिक्षा करा. मात्र परतीच्या गाडीची वेळ बघूनच मेहरूणचं ठरवा. तलाव त्या मानाने लांब आहे.

टॉवरचौकी: मेहरूणपेक्षा भाऊंचं उद्यान बरं. काव्यरत्नावली चौकात आहे, आईंना बसायला बाकं आहेत, पोरं मोकळी सुटतात. गांधी तीर्थ त्याच दिवशी कोंबू नका. ते गांधीजींवरचं संग्रहालय शिरसोली रस्त्याला जैन हिल्सवर आहे, नीट बघायला अर्धा दिवस लागतो.

बोरीकाठचा: बस्त्याची गाठोडी घेऊन रेल्वेत चढायचं म्हणजे... बायको आत्ताच डोळे वटारतेय.

धरणगावची_सून: वहिनींचं बरोबर आहे. गाठोडी पुरुषांच्या डोक्यावर द्या 😄

चोपडेकर_भाऊ: मग गाडीच न्या, पण दुकानं उघडायच्या वेळेला पोचा. आई नि वहिनींना मार्केटच्या तोंडाशी उतरवा, तुम्ही गाडी स्टेशनकडे पैसे देऊन लावा. रस्त्याच्या कडेला लावून 'पाच मिनिटांत येतो' म्हणू नका. गेल्या दिवाळीत माझी उचलून नेली, शेवभाजी खायच्या वेळेला दंड भरत बसलो होतो.

बोरीकाठचा: ठरलं. सकाळी सातला निघतो, मेहरूण रद्द, भाऊंचं उद्यान पक्कं. बस्ता दोन वाजेपर्यंत आटोपेल का?

टॉवरचौकी: बस्ता? दोनला? पहिल्यांदाच चाललात का भो?