खानावळीची जुनी वही आणि आईची पंचाहत्तरी: तिच्या कष्टांची पोच तिला कशी द्यावी?

डिलाईल_रोड (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

येत्या डिसेंबरात माझी आई वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण करील. आम्ही तिघे भावंडे आहोत. धाकट्या दोघांचा आग्रह असा आहे की परळ-लालबाग भागात एखादे सभागृह घेऊन पंचाहत्तर दिव्यांनी तिचे औक्षण करावे, नातेवाइकांना जेवण द्यावे आणि प्रत्येकाने चार शब्द बोलावेत. आईच्या कानावर हे घातले तेव्हा ती म्हणाली, "एवढा खर्च कशाला? आणि माझ्याबद्दल बोलणार तरी काय तुम्ही?" खर्चाचे तिचे म्हणणे अपेक्षितच होते. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मी अडखळलो, कारण त्याचे उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. आमचे सारे बालपण बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत गेले. वडील गिरणीत होते आणि आई त्याच खोलीत खानावळ चालवत असे. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले अठरा गिरणी कामगार तिच्याकडे जेवायला असत. त्यांना सगळे 'मेंबर' म्हणत. घड्याळापेक्षा गिरणीच्या भोंग्यावर आमचा दिवस चाले, कारण पहिल्या पाळीची माणसे दुपारी साडेतीनला सुटत आणि दुसऱ्या पाळीची त्याच वेळी आत जात, त्यामुळे एका पंगतीची ताटे विसळून होईपर्यंत दुसरी पंगत दाराशी उभी असे.

आता पुनर्विकासासाठी खोली रिकामी करताना पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी तिची हिशेबाची वही सापडली. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट वही आहे. आई चौथीपर्यंत शिकलेली, तरी प्रत्येक पानावर तिने पट्टीने रेघा मारून एकतीस चौकटी आखल्या आहेत. डावीकडे 'गुहागरवाले', 'पाटणवाले' अशी गावावरून ठेवलेली नावे आहेत. मेंबर ज्या दिवशी जेवला नाही त्या दिवसाच्या चौकटीत खाड्याची फुली आहे आणि उजवीकडे जमा व बाकी असे दोन रकाने आहेत. माझ्या बहिणीचा जन्म झाला त्या महिन्यात बारा दिवस अक्षर शेजारच्या मावशींचे आहे आणि तेराव्या दिवसापासून ते पुन्हा आईचे आहे. हे पान मी बराच वेळ पाहत बसलो.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते, आमचे वडीलही त्यांत होते. म्हणजे घरातील पगार थांबला होता आणि ज्यांच्या पैशांवर चूल चालायची त्यांचेही पगार थांबले होते. तरी वहीत एप्रिलअखेरपर्यंत खाड्याच्या फुल्या जवळजवळ नाहीत. माणसे रोज जेवत होती आणि बाकीचा रकाना वाढत होता. "संप मिटला की चुकते करतो" असे सांगून एकेक जण गावी गेला. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे ते आकडे आजही तसेच उभे आहेत. मेपासून पाने कोरी आहेत. पुढे तिने फोर्टमधल्या कचेऱ्यांसाठी चपाती-भाजीचे डबे सुरू केले आणि आम्हां तिघांची शिक्षणे त्या डब्यांवर झाली.

हे सारे मला माहीत होते, पण मी ते तिला कधी बोलून दाखवलेले नाही. आमच्या घरात आईचे आभार मानण्याची पद्धत नाही, आणि मानायला गेलो तर ती परकेपणाने वागल्यासारखे धरील, अशी धास्ती वाटते. ती धडधाकट आहे, स्मरण शाबूत आहे, तोवर तिच्यापर्यंत हे पोहोचावे असे मनापासून वाटते. आपणांपैकी कोणी हे केले असेल तर कसे केले, ते कृपया सांगावे.

मिरचीगल्ली

आपला प्रश्न वाचून माझ्या आईची साठी आठवली. तेव्हा मी तिच्या त्यागावर भाषण लिहून नेले होते. तिसऱ्या वाक्याला ती उठली आणि चहा किती जणांचा टाकायचा ते पाहायला आत गेली. मला वाईट वाटले, पण पुढे विचार करताना लक्षात आले की आपण ज्याला त्याग म्हणतो तो तिच्या लेखी तिच्या हातचा हुन्नर होता, आणि त्या हुन्नराबद्दल माझ्या भाषणात एक अक्षरही नव्हते.

माझी आई उन्हाळ्यात लालबागला मिरच्या घेऊन मसाला कांडून आणत असे आणि तो ओळखीच्या घरांत विकत असे. काही वर्षांनी एका संध्याकाळी मी तिला सहज विचारले की किलोभर मसाल्याला बेडगी किती आणि संकेश्वरी किती घ्यायची. त्यावर ती दोन तास बोलत होती. बेडगीने रंग येतो पण झणका येत नाही, धने आणि मिरची एकत्र भाजले तर एक करपते आणि दुसरे कच्चे राहते, मिरचीत ओल राहिली तर पावसाळ्यात बरणीला बुरशी धरते, हे सारे तिने मला एखाद्या शिकाऊ माणसाला सांगावे तसे सांगितले. एका वर्षी ढगाळ हवेत मिरच्या वाळल्या नाहीत आणि तिला तोटा झाला, हेही त्याच ओघात आले. तो तोटा कसा भरून काढला ते तिने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितले असावे.

म्हणून माझी सूचना अशी की "तू आमच्यासाठी किती सोसलेस" हे वाक्य तूर्त बाजूला ठेवा. त्याला आईजवळ उत्तर नसते. अठरा माणसांचा भात एका खोलीत ती कसा शिजवत असे, हे विचारा. वही समोर ठेवून विचारा, आणि तिच्या परवानगीने मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवा.

सात_बावन्नची_सोबत

मिरचीगल्ली यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि त्यात एक भर घालू इच्छिते. आईचे काम आपल्यापेक्षा अधिक ओळखणारी माणसे असतात, आणि त्यांच्या तोंडून झालेले कौतुक तिला खरे वाटते.

माझी आई बोरिवलीहून चर्चगेटला नोकरीसाठी जात असे. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर पहिली महिला विशेष लोकल सुरू झाली, तेव्हापासून निवृत्तीपर्यंत तिचा डबा आणि डब्यातल्या मैत्रिणी ठरलेल्या होत्या. परतीच्या प्रवासात गवारीच्या शेंगा मोडणे, मटार सोलणे, कोणाच्या मुलीची मंगळागौर ठरवणे हे सारे गाडीतच होई. आम्ही घरी पाहत होतो ती आई दमलेली असे. तिची हुशारी आणि तिचा दरारा त्या डब्याने पाहिला होता.

तिच्या पंचाहत्तरीला आम्ही त्यांपैकी सहा जणींना शोधून घरी बोलावले. दुसरे काहीही केले नाही. त्यांतल्या एकीने सांगितले की तिच्या नवऱ्याच्या आजारपणात आईने सलग दोन महिने तिच्यासाठी गाडीत जागा धरली आणि रोज एक निवडलेली भाजी तिच्या पिशवीत ठेवली. मला हे ठाऊक नव्हते. आई मान खाली घालून ऐकत होती, पण उठून आत गेली नाही.

आपल्या वहीत गावांची नावे आहेत. मेंबर आता ऐंशीच्या घरात असतील किंवा हयात नसतील, पण त्यांची मुले असतील. निदान शेजारच्या ज्या मावशींनी बारा दिवस वही लिहिली, त्या असतील तर त्यांना अवश्य बोलवा.

मधले_नाव

मी अगदी वेगळ्या वाटेने गेलो. राज्य शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नोंद स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने होते. माझ्या नातीचा जन्मदाखला त्याप्रमाणे आला आणि मला वाटले की आपणही आईचे नाव लावावे. आमच्या वयाच्या माणसांवर याची सक्ती नाही. ज्याला हवे त्याने राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध करून घ्यायचा आणि मग बाकीची ओळखपत्रे बदलत बसायची, एवढे ते सरळ आहे.

अर्ज भरण्याआधी मी आईला मोठ्या अभिमानाने सांगितले की आता तुझे नाव माझ्या नावात येणार. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "कुठलं?"

मी निरुत्तर झालो. लग्नात ताम्हनातल्या तांदळांवर अंगठीने लिहून तिचे नाव बदलले गेले होते. माहेरचे नाव मला माहीत होते, पण ते 'जुने नाव' म्हणून, तिचे नाव म्हणून नव्हे. त्या दिवशी तिने सांगितले की लग्नानंतर कितीतरी महिने नव्या नावाने हाक आली की ती चटकन वळत नसे आणि सासूबाईंना वाटे की मुलगी ऐकायला कमी आहे. तिला कोणते नाव हवे हे विचारून मी तेच लावले. ते माहेरचे आहे, आणि कागदोपत्री खुलासे करताना अजून त्रास होतो, पण तो मी आनंदाने करतो.

आपण हेच करावे असे माझे म्हणणे नाही. पोच कोणत्या नावाने द्यायची एवढे मात्र तिला विचारून घ्या.

काळाचौकी_वाचनालय

आपल्या आईंची वही ही तुमच्या घरापुरती वस्तू नाही, हे आवर्जून नोंदवतो. गिरणगाव उभा राहिला तो या खानावळवाल्या बायकांच्या चुलीवरही. किराणा उधारीवर आणि भांडवल सावकाराकडून, अशा कचाट्यातून त्यांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. आपल्या आई त्या काळात कर्ज कोठून घेत होत्या, मंडळाशी त्यांचा संबंध आला होता का, हे जरूर विचारा. वहीचे पानन्‌पान स्कॅन करा. घर बदलताना अशा वह्या रद्दीत जातात.

सभागृहाविषयी मात्र थोडे वेगळे सांगतो. धाकट्या भावंडांचा आग्रह मोडू नका. त्यांच्या वाट्याला आलेली आई डबे करणारी होती आणि तुमच्या वाट्याची खानावळवाली, तेव्हा त्यांनाही त्यांच्या परीने बोलायचे असेल.

डिलाईल_रोड

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. गेल्या रविवारी दुपारी मी वही घेऊन तिच्याजवळ बसलो आणि भाताचे विचारले. तिने लगेच दुरुस्ती केली की अठरा जणांचा भात ती कधीच एकदम लावत नसे. आमटी एकदाच, भात तीनदा, कारण पाळीवरून आलेल्या माणसाला शिळा भात वाढायचा नाही, असा तिचा नियम होता. भात कोळशाच्या शेगडीवर आणि चपात्या स्टोव्हवर होत. रॉकेल संपत आले की स्टोव्हचा आवाज बदलतो, तो आवाज तिने मला तोंडाने काढून दाखवला. कर्जाचेही विचारले. त्यावर ती बरेच बोलली आणि ते मी जपून ठेवले आहे.

शेजारच्या मावशी मुलीकडे डोंबिवलीला असतात, त्यांना बोलावण्याचे ठरले आहे. सभागृहाचा निर्णय भावंडांवर सोडला आहे. 'बाकी'च्या रकान्याविषयी मी विचारले तेव्हा तिने हात झटकला. "ती माणसं देणारी होती," एवढेच ती म्हणाली.

मग तिने चष्मा लावला आणि स्वतःच पाने उलटू लागली. १९८१ च्या पावसाळ्यातील एका पानावर पाटणवाल्यांच्या नावापुढे ओळीने अकरा फुल्या आहेत आणि प्रत्येक फुलीखाली एक बारीक टिंब आहे. ते टिंब मला उलगडले नव्हते. ती म्हणाली की त्याला कावीळ झाली होती, रोज पेज पाठवत होते. पेजेचे पैसे लावायचे नसतात, म्हणून खाडा धरला आणि पेज गेली हे लक्षात राहावे म्हणून टिंब दिले.

मी विचारले, "पेज कोण नेऊन देत असे?"

"तू," ती म्हणाली. "नऊ वर्षांचा होतास. भर पावसात कडीचा डबा घेऊन रस्ता ओलांडून जायचास. एक दिवससुद्धा सांडली नाहीस."