मदत हवी आहे: तेजसचा उशीर आणि वाढीव खर्च नक्की कुठून मोजायचा?

मंडळी, आमच्या वाचनगटात मला रखडलेल्या लढाऊ विमानांवर बोलायचंय. तेजस निवडलंय, पण आकडे एकमेकांशी जुळेनात.

१९८३ साली या प्रकल्पाला ५६० कोटी मंजूर झाले. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगच्या २०१५च्या अहवालानुसार ही मंजुरी वाढत वाढत १०,३९७ कोटींवर गेली, म्हणजे साडेअठरा पट. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त हा गुणाकार फिरतो. पण १९८३चा रुपया आणि नंतरचा रुपया एकच कसा धरायचा? शिवाय १९९३ मध्ये पहिल्या टप्प्याला २,१८८ कोटी मिळाले. मग खरा अंदाज कोणता मानायचा?

उशिराचंही तेच. १९९४ पासून ताफ्यात यायचं होतं, पहिलं उड्डाण झालं ४ जानेवारी २००१ला, पहिली स्क्वाड्रन उभी राहिली जुलै २०१६ मध्ये. मध्ये १९९८च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले आणि उड्डाण-नियंत्रण प्रणालीचं तिथलं काम थांबलं. तेजससाठी देशातच बनत असलेलं कावेरी इंजिन तर २००८ मध्ये प्रकल्पातून वेगळंच काढलं. हा सगळा उशीर एकाच खात्यात टाकायचा का?

जाणकारांनी सांगावं. 'आपल्याकडे असंच चालतं' छापाचे प्रतिसाद नकोत, ते मला घरीच मिळतात.

प्रतिसाद

१९८३चा आणि १९९३चा असे दोन्ही अंदाज दाखवा, एकच निवडू नका. अमेरिकेत नन-मॅककर्डी कायद्यात नेमकं हेच करतात: प्रति विमान खर्च मूळ अंदाजापेक्षा किमान ५० टक्के किंवा चालू (नंतर सुधारलेल्या) अंदाजापेक्षा किमान २५ टक्के वाढला, तर संरक्षण खात्याला प्रकल्प चालू ठेवण्याचं समर्थन संसदेपुढे करावं लागतं. त्यांच्या एफ-३५ या लढाऊ विमानावर २०१० मध्ये ही वेळ आली होती.

महागाई काढायची तर मंजुरीच्या रकमेला हात लावू नका. त्या त्या वर्षी झालेला खर्च घ्या आणि तोच आजच्या किमतीत आणा. आणि २०२१च्या ८३ मार्क-१ए (तेजसची सुधारित आवृत्ती) विमानांचे सुमारे ४८,००० कोटी विकासखर्चात मिसळू नका, ती खरेदी आहे.

विमानांची संख्याही बघा. अमेरिकेच्याच एफ-२२ या लढाऊ विमानाची ७५० ठरली होती, ताफ्यात आली १८७. संशोधनाचा बोजा थोड्याच विमानांवर पडला की प्रति नग किंमत फुगते, कारखान्यात कोणी काही बिघडवलेलं नसतानाही. तेजसची सुरुवातीची मागणी फक्त ४० होती.

धागाकर्ता

आभार! दोन रकाने करतो. एक शंका उरतेच. मार्क-१एचं पहिलं विमान मार्च २०२४ पर्यंत मिळायचं होतं, पण जीई या अमेरिकी कंपनीकडून ९९ इंजिनांपैकी पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये. नाशिकच्या कारखान्यात बनलेलं पहिलं मार्क-१ए उडालं १७ ऑक्टोबर २०२५ला. इंजिन वेळेत आलं असतं, तर बाकीचं विमान तयार होतं का? यावर कोणी खात्रीचं सांगू शकेल?