मदत हवी आहे: क्रीडा केंद्रात पहाटेची पाळी कशी बसवायची?

आमचं केंद्र धर्मादाय न्यासाचं आहे. बॅडमिंटनची दोन कोर्टं, टेबल टेनिस आणि मुलांचा मल्लखांब. वेळ सकाळी 5:30 ते 9:30, संध्याकाळी 4:30 ते 9, सोमवार बंद. पगारी माणसं दोनच. सकाळी एक पुरतो, संध्याकाळी मात्र दोघं लागतातच (एक मुलांजवळ, एक पावती-चावीला). म्हणजे प्रत्येकी आठवड्याला 39 तास. कागदावर आरामात, पण तीन दिवस पहाटे 5:30 ला यायचं आणि रात्री 9 ला कुलूप लावायचं. मधले सात तास घरी जाण्यायेण्यातच जातात. याच कारणाने माणसं टिकत नाहीत.

आठवड्याआड पाळी बदलून पाहिली. पावतीपुस्तक एकच, त्यामुळे हिशोब जुळेना. सभासदांकडे चावी दिली, तर रोख फी जमा कोण करणार हा प्रश्न आला. फी आता फक्त यूपीआयने घ्यावी असं वाटतं, पण निम्मे सकाळचे सभासद ज्येष्ठ आहेत आणि रोखच देतात.

तिसरा पूर्ण पगार परवडत नाही. सकाळपुरता मानधनावर निवृत्त सभासद कोणी ठेवलाय का? त्यांच्याकडे चावी आणि रोख दोन्ही देता, की फक्त चावी? आणि तो आजारी पडला तर दार कोण उघडतं?