अंघोळीला नकार म्हणजे हट्ट नव्हे

वृद्धाश्रमातल्या स्मृतिभ्रंश झालेल्या आजी अंघोळीच्या वेळी ओरडतात, मावशींना मारतात, आणि कर्मचारी त्याला 'हट्ट' म्हणतात. बहुतेक वेळा कारण थंडी, भीती, सांधेदुखी किंवा लाज असतं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या काळजीवर काम केलेले ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांचा आग्रह हाच होता: आजाराआधी माणूस बघा.

आधी घरच्यांकडून माहिती घ्या: बादली-तांब्या की शॉवर? सकाळी की संध्याकाळी? डोक्यावरून अचानक पडणारं पाणी अनेकांना घाबरवतं, तिथे तांब्याच बरा. पंखा बंद करा. पाणी ३७-३८ अंश, कोपराने तपासून. स्टूल इतकंच उंच, की पाय जमिनीवर टेकतील. अंगावर मोठा टॉवेल राहू द्या, धुवायचा तेवढाच भाग उघडा. सुरुवात पायांपासून, चेहरा आणि केस शेवटी. प्रत्येक कृती आधी सांगा. डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं असेल, तर अंघोळीच्या वेळेआधी त्याचा परिणाम सुरू होईल असं बघा.

तरीही नको म्हणाल्या तर थांबा, अर्ध्या तासाने विचारा. दोन मावशींनी धरून अंघोळ घातली तर पुढच्या वेळी विरोध वाढू शकतो. रोज पूर्ण अंघोळ लागतेच असं नाही. चेहरा, हात, काखा, जांघा रोज ओल्या कापडाने पुसल्या तर आठवड्यातून दोन-तीनदा पुरते. स्तनांखालची आणि बोटांमधली त्वचा मात्र कोरडी करा, तिथे बुरशी सहज धरते.

आणि विरोध अचानक सुरू झाला असेल, तर आधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, जखम तपासून घ्या.